गाण्याखाली नाव छापा: मराठी दैनिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांचे, त्यांच्या पुरवण्यांचे आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

२००६च्या दिवाळीत आमच्या मिरजेच्या घरी एक दैनिक पेपरवाल्याला आधी सांगून राखून ठेवलं होतं. आठवडाभर पहिल्या पानावर जाहिरात येत होती: मराठीच्या सुवर्णकाळातली २५ अवीट गाणी, तोच गोडवा, अंकाबरोबर सीडी मोफत. आमच्या घरी रोज येणारा पेपर दुसराच होता. तरी हा घेतला, कारण अण्णांना ती सीडी हवी होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गार्ड होते. मिरज जंक्शनवरून पुण्याला, बेळगावला जाता-येता त्यांनी जुन्या तबकड्या जमवल्या. पुण्याच्या जुन्या बाजारातून बऱ्याच आणल्या, काही मोडीत निघालेल्या वाड्यांतून, काही हॉटेलवाल्यांकडून. तीनशेच्या आसपास झाल्या होत्या. त्यांची एक लांबट नोंदवही होती, हातानं रकाने आखलेली. तबकडीचा नंबर, कंपनी, गाण्याचा मुखडा, गायक, कवी, संगीतकार, कुठे घेतली, कितीला घेतली. दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असोत की घरी कुणी आजारी असो, नवी तबकडी आली की आधी वहीत नोंद आणि मग सुई टेकवायची. २००६ सालापर्यंत काचबिंदूनं त्यांची नजर पार अधू झाली होती, ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली होती आणि ती बसवून देणारा माणूस गावात उरला नव्हता. तबकड्या कपाटात मुक्या पडून होत्या. म्हणून त्या सीडीची ते लहान मुलासारखी वाट बघत होते.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी सीडी लावली. आधी एका गृहप्रकल्पाची जाहिरात ऐकू आली. मग पहिलं गाणं सुरू झालं. सारंगी जिथे यायची तिथे कीबोर्ड, तबल्याच्या जागी ऑक्टोपॅड, आणि वर एका तरुण मुलीचा आवाज. अण्णांनी ध्रुवपदही पुरतं होऊ दिलं नाही. म्हणाले, "हा आवाज त्यांचा नव्हे." मी पुढचं लावलं, त्याच्या पुढचं लावलं. पंचवीसपैकी एकोणीस गाणी अशी कुणाच्या तरी आवाजात पुन्हा म्हणून घेतलेली होती. उरलेली सहा मूळ होती, पण कुठल्या तरी चुकीच्या वेगानं फिरवलेल्या तबकडीवरून उतरवलेली. अण्णांनी मला पेटी काढायला लावली. काळी चारातलं गाणं पांढरी सहात वाजत होतं. तबकडीचा वेग शंभराला सहानं वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो आणि गाणाऱ्या माणसाचं वयच बदलून जातं. दोन गाण्यांची शेवटची कडवी कापून आवाज विरवत नेला होता. जुन्या दहा इंची तबकडीची एक बाजू मुळात सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. त्या काळच्या माणसांनी अख्खी मैफल पिळून तेवढ्यात बसवलेली असते. त्यातलं आणखी काय कापायचं?

तरी मी हे पत्र त्या मूळ फसवणुकीसाठी लिहीत नाही. अण्णांनी सीडी अर्ध्यावर बंद करायला सांगितली नाही. सगळी ऐकली. शेवटी म्हणाले, "ही मुलगी बरी गाते गं. कोण आहे?"

मी सीडीचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. बांधकाम कंपनीचं नाव, तिच्या कार्यालयाचा पत्ता आणि दोन दूरध्वनी क्रमांक होते. एका पतसंस्थेचं नाव होतं. दैनिकाचं नाव तर तीनदा होतं. गाण्यांचे मुखडे होते, त्यांतल्या दोहोंत शुद्धलेखनाच्या चुका. गायक नाही. कवी नाही. संगीतकार नाही. साल नाही. ज्या मोठ्या गायिकांच्या आठवणीवर ती सीडी खपवली त्यांचंही नाव नाही आणि जिनं प्रत्यक्ष घसा खरवडला त्या मुलीचंही नाही.

"लिहिलेलं नाही, अण्णा."

"मग वहीत काय लिहायचं?"

संपादकहो, हा प्रश्न मी तेव्हापासून जवळ बाळगून आहे. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तुमच्यापैकी अनेकांच्या अंकांबरोबर आलेल्या अशा सीडी मी घेत राहिले. भावगीतं, भक्तिगीतं, लावण्या, नाट्यपदं, बालगीतं. आज माझ्याकडे त्या बेचाळीस आहेत. प्रत्येक गाण्याखाली गायक, कवी आणि संगीतकार तिघांचीही नावं असलेल्या त्यात तीन आहेत. मूळ ध्वनिमुद्रण कुठल्या सालचं हे सांगणारी एकही नाही.

तुम्ही म्हणाल, फुकट दिलेल्या वस्तूबद्दल एवढी तक्रार कशाला. मला हा युक्तिवाद मान्य नाही. आम्ही अंकाचे पैसे दिले. त्या सीडीच्या जाहिरातीमुळेच दिले. तुमच्या वितरण विभागाला खप मिळाला, जाहिरात विभागाला प्रायोजक मिळाला. आणि मुळात ते गाणं तुमचं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातानं वाटताना ती कुणाची आहे हे सांगणं, एवढं तर आपण हळदीकुंकवाच्या वाणालाही पाळतो.

तुम्हाला हे जमत नाही असंही नाही. तुमचा कुठलाही दिवाळी अंक उघडते आणि अनुक्रमणिका बघते. कथेपुढे लेखकाचं नाव असतं. कवितेखाली कवीचं असतं. मुखपृष्ठ कुणाचं, आतली रेखाटनं कुणाची, अक्षरजुळणी कुठे झाली, मुद्रितशोधन कुणी केलं, सगळं असतं. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा वाढत आलेली आहे आणि मराठी माणसाला तिचा अभिमान आहे, मलाही आहे. दैनिकाच्या शेवटच्या पानावर तळाशी रोज बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केलं, संपादक अमुक. १८६७च्या कायद्यानं ती ओळ सक्तीची केली आणि आता नव्या कायद्यानंही ती जबाबदारी कायम आहे. छापलेल्या शब्दाला धनी असलाच पाहिजे हे तुमच्या धंद्याच्या हाडात भिनलेलं आहे. तोच शब्द कुणी चालीत बसवून गायला की त्याचा धनी कुठे जातो?

हिंदुस्थानातल्या ध्वनिमुद्रणाची सुरुवातच नावापासून झाली आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये कोलकात्याला गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. गाणं संपल्या संपल्या त्यांनी भोंग्यात तोंड घालून इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणं कळणार नव्हतं, तबकडीवरची चिठ्ठी, म्हणजे लेबल, चुकीची लागू नये म्हणून गाणारीनं आपलं नाव गाण्यातच घालून ठेवलं. ते नाव आजही ऐकू येतं. सात समुद्रांपलीकडच्या कारागिराला जे कळावं म्हणून एवढी धडपड झाली, ते शंभर वर्षांनी मराठी पेपरच्या मराठी सीडीवर मराठी वाचकाला कळू नये?

पुढे हे सगळं सुरळीत झालं असंही म्हणणार नाही. १९४९च्या 'महल'मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे नाव छापलेलं होतं. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओकडे विचारणा केली की ही गाते कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. बालगंधर्वांबरोबर अहमदजान थिरकवा खाँसाहेबांसारखा तबलजी वर्षानुवर्षं बसला, पण अण्णांच्या संग्रहातल्या गंधर्वांच्या एकाही तबकडीच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव नाही. साथीदारांवर तेव्हाही अन्याय झाला आणि आजही होतो. पण निदान गाणाऱ्याचं नाव असायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आमच्याकडे आहेत, त्यांवर रागाचंही नाव आहे. आमच्या मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, दर वर्षी उरुसात तिथे रात्रभर गाणं होतं. अण्णा मला खांद्यावर बसवून तिथे घेऊन जायचे.

नाव छापल्यानं काय होतं ते सांगते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे कविता लिहायचे. त्यांची 'शीळ' गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी यांनी गायली, तबकडी निघाली आणि मराठी भावगीत नावाची गोष्ट घराघरांत पोचली. लोक गाणं गुणगुणत कवीपर्यंत गेले. कवितासंग्रह विकत न घेणाऱ्या घरांतही कवीचं नाव माहीत झालं, कारण तबकडीवर होतं आणि आकाशवाणीवर निवेदक ते सांगत होते. 'आपली आवड' ऐकत आमची पिढी वाढली. गाणं लागायच्या आधी गायक, कवी, संगीतकार हे तीन शब्द यायचेच यायचे. फर्माईश करणाऱ्या गावोगावच्या श्रोत्यांचीसुद्धा नावं वाचली जायची. कऱ्हाडच्या, बार्शीच्या, परभणीच्या माणसाचं नाव निवेदिका घेत होती, मग कवीचं कसं वगळणार? माझी आई चौथी शिकलेली. भाकऱ्या थापता थापता ती सांगायची, हे गदिमांचं, हे शांताबाईंचं, ही चाल खळ्यांची. तिला हे कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. रोज कानावर पडून पडून शिकली होती. तुमच्या सीडी ऐकून वाढलेल्या माझ्या भाचीला त्यांतली वीस गाणी तोंडपाठ आहेत आणि एकाचाही कवी माहीत नाही. ती हुशार मुलगी आहे. तिला सांगायचं कुणी?

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण अण्णा गेल्यावर या एका गोष्टीसाठी १९५७चा कॉपीराइट कायदा मी बसून वाचला. त्यातलं कलम ५२क हे १९८४ पासून आहे. कुठलंही ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचं तर त्यावर आणि त्याच्या वेष्टनावर ते कुणी तयार केलं त्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाकडे आहे त्याचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रसिद्धीचं साल दिलंच पाहिजे. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड अशी शिक्षा कलम ६८कमध्ये लिहिलेली आहे. मोफत वाटलं म्हणून सूट आहे असं त्यात मला कुठेही दिसलं नाही. कलम ५७ लेखकाला आपलं लेखकपण सांगण्याचा हक्क देतं आणि हक्क विकून टाकले तरी हा हक्क जात नाही. २०१२च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क मिळाला.

व्हर्जन गाण्यांचंही तसंच. ऐंशीच्या दशकात कॅसेटचा धंदा वाढला आणि जुनी गाजलेली गाणी नव्या गळ्यांतून पुन्हा म्हणून घेऊन स्वस्तात विकायची लाट आली. कायद्यात त्याला वाट होती. सूचना द्यायची, रॉयल्टी भरायची; पुढे मूळ मुद्रणानंतर दोन वर्षं थांबायची अटही आली. २०१२ नंतर ती मुदत पाच वर्षं झाली, प्रत्येक गाण्यामागे वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी ठरली आणि एक गोष्ट अगदी स्वच्छ लिहिली गेली: वेष्टनावर मूळ कलाकाराचं नाव किंवा छायाचित्र वापरून लोकांची दिशाभूल करायची नाही, आणि हे पुन्हा गायलेलं गाणं आहे हे वेष्टनावर स्पष्ट सांगायचं. म्हणजे कायदा पुन्हा गाण्याला बंदी करत नाही. मीही करत नाही. जुनी चाल नव्या गळ्यात उतरते म्हणूनच ती जगते. आमच्याकडे प्रत्येक भजनी मंडळ हेच करतं आणि भजनात तर अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' असं कवीचं नाव गाणाऱ्याला घ्यावंच लागतं. माझी मागणी एवढीच की सुवर्णकाळाच्या नावानं विकताना तोच गोडवा असं छापू नका. या नव्या मुलीनं जुनी गाणी गायली आहेत, हे तिचं नाव, असं छापा. अण्णांनी ती सीडी तरीही घेतली असती.

मोफत दिलेलं संगीत वाईटच असतं असंही नाही. परदेशातलं एक उदाहरण मुद्दाम देते, कारण ते तुमच्याच धंद्यातलं आहे. ब्रिटनमध्ये २००० नंतरच्या दशकात रविवारच्या पेपरबरोबर सीडी वाटण्याची चढाओढ लागली होती. १५ जुलै २००७ला 'द मेल ऑन संडे'नं प्रिन्स या गायकाचा 'प्लॅनेट अर्थ' हा कोराकरकरीत, दुकानात न आलेला अख्खा अल्बम अंकाबरोबर दिला. जवळपास ३० लाख प्रती गेल्या. रेकॉर्ड विकणारे दुकानदार भडकले, कंपनीनं तिथल्या दुकानांत तो आणायचंच सोडून दिलं. त्या व्यवहाराचे बरे-वाईट परिणाम काय झाले यावर वाद घालता येईल. पण देणाऱ्यानं स्वतःचं ताजं काम स्वतःच्या नावानं दिलं आणि घेणाऱ्याला कुणाचं काय मिळतंय हे माहीत होतं. त्यानंतर त्याच उन्हाळ्यात लंडनला त्याचे एकवीस कार्यक्रम झाले. लोक गायकापर्यंत पोचले. आपल्याकडच्या कुठल्या सीडीनं श्रोत्याला गायकाच्या दारापर्यंत नेलं? नेणार कशी, दाराचा पत्ताच नाही.

मला तुमच्याकडून जे हवं आहे ते खर्चाचंही नाही. मूळ गाण्यांचे हक्क महाग पडतात हे मी समजू शकते. म्हणून पंचवीसच्या जागी सहाच गाणी द्या. पण पूर्ण द्या, योग्य वेगानं उतरवून द्या. ज्यांच्याकडे चांगल्या तबकड्या आहेत, ज्यांना वेग कसा ओळखायचा हे कळतं, अशी माणसं महाराष्ट्रात अजून आहेत. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, सांगली-कोल्हापूर-पुण्यात माझ्या वडिलांसारखे कितीतरी जण आहेत. बोलावलंत तर तबकड्या छातीशी धरून तुमच्या कार्यालयात येतील.

आणि एक मोठं दालन तर तुमच्यासाठी उघडंच पडलं आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे १९६० पर्यंत निघालेल्या तबकड्यांच्या मुद्रणावरचा हक्क संपलेला आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो, ते वेगळं तपासावं लागतं. आता 'स्वयंवर' नाटक घ्या. १९१६चं. पदं खाडिलकरांची, ते १९४८मध्ये गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२मध्ये गेले. बालगंधर्वांच्या त्या काळच्या तबकड्या आहेत. किर्लोस्कर, देवल, गोविंदराव टेंबे, वझेबुवा, मास्टर दीनानाथ, सगळ्यांचा हिशेब असाच मांडता येतो. भा. रा. तांबे १९४१ला गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. जुन्या तबकड्यांवरच्या मूळ नाट्यपदांचा एक संच, प्रत्येक पदाला तबकडीचा नंबर, राग, ताल, नाटक, साल, कवी, चाल देणारा, गाणारा आणि कळलं तर साथीदार. असा अंक काढायला प्रायोजकही लागणार नाही. मी त्याच्या चार प्रती घेईन.

तुमच्याकडे कागद आहे, ही तुमची सगळ्यात मोठी श्रीमंती. कॅसेट कंपनीला डबीतल्या छापील कार्डवर चार इंच जागा असायची, तुमच्याकडे अख्खी पुरवणी असते. सीडीच्या पाकिटावर मावत नव्हतं तर आतल्या पानावर एक स्तंभ द्यायचा होता. तिथे गृहप्रकल्पाच्या जाहिरातीला अर्धं पान होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, सीडी गेली, आता हे उकरून काय उपयोग. सीडी गेली खरी. आमच्या घरचं यंत्रही आता कुणी लावत नाही. पण गेल्या काही दिवाळ्यांत तुमच्या अंकांत तेच नव्या रूपात आलं आहे. पानाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो, मोबाइल धरा आणि दिवाळी पहाट ऐका. मी धरला. गाण्यांची यादी उघडली. मुखडे आहेत, प्रायोजकाचं चिन्ह आहे. कवी नाही. संगीतकार नाही. तिसऱ्या गाण्याला भलत्याच गायिकेचं छायाचित्र लावलेलं. मोबाइलच्या पडद्यावर तर जागा संपायचा प्रश्नच नसतो. उलट इथे चूक केलीत तर ती अधिक दूर जाते. पाकिटावरची चूक एका घरात राहायची, ही चूक लोक उचलून पुढे पाठवतात, कुणीतरी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या निवेदनात ती वाचतं आणि पुढच्या वर्षी तीच खरी होऊन बसते. अमुक कवीचं गाणं तमुकच्या नावावर गेलेलं मी दोनदा प्रत्यक्ष ऐकलं आहे. कवीची मुलगी सभागृहात बसलेली होती.

म्हणून येत्या दिवाळीचा अंक छापखान्यात जायच्या आधी एवढं करा. अंकाची डमी, म्हणजे कच्ची प्रत, समोर आली की ज्या माणसाला तुम्ही कथेवर लेखकाचं नाव तपासायला बसवता त्यालाच गाण्यांची यादी द्या. त्याला सांगा, नाव नसलेलं गाणं म्हणजे नाव नसलेली कथा. ती आपण छापत नाही.

आणि आता त्या एका दैनिकाच्या संपादकांना स्वतंत्र सांगायचं आहे. तुमचं नाव मी इथे घेत नाही, पण हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर तुम्हाला कळेल. त्या सीडीचं काम कुणाला दिलं, पैसे कुणाला पोचवले, याची एखादी फाइल, एखादं बिल तुमच्या कार्यालयात असेल. त्यात त्या गाणाऱ्या मुलीचं नाव असण्याची शक्यता आहे. तेव्हा ती विशीतली असावी, आवाजावरून तसं वाटतं. आज चाळिशीच्या आसपास असेल. कदाचित कुठे गाणं शिकवत असेल, कदाचित सोडूनही दिलं असेल. आठव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात तिनं कोमल निषादावर एक ठहराव घेतला आहे, मूळ गाण्यात तो नाही. तो तिचा स्वतःचा आहे. अण्णांनी ती जागा त्या दिवशी तीनदा लावायला सांगितली होती.

अण्णा २००९मध्ये गेले. त्यांची नोंदवही माझ्याकडे आहे. शेवटची नोंद त्या सीडीची आहे, त्यांनी सांगितली, मी लिहिली. अनुक्रमांक ३१२. कुठे घेतली: मिरज. कितीला: अंकाबरोबर. गायकाचा रकाना त्यांनी मला कोरा ठेवायला लावला. म्हणाले, काट मारू नकोस, कळेल कधीतरी.

नाव मिळालं तर कळवा. पेन्सिलीनं नाही, शाईनं लिहीन.

आपली,
मिरजेची एक वाचक